खरखरतं बटण, भरकटती जॉयस्टिक

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून काहीजण हसले, ते आम्ही पाहिलं. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस व्हिडिओ गेमवर काय बोलणार? कारण घरातलंच आहे. उन्हाळ्याच्या सुटीत नातू पुण्याहून परभणीला आला. त्याच्या हातातल्या गेम कन्सोलची डावी जॉयस्टिक बिघडलेली. बोट उचललं तरी पडद्यावरचा माणूस आपला डावीकडे चालतोच आहे! सेवा केंद्राने सांगितलं, वॉरंटी संपली, नवीनच घ्या. पोरगं रडकुंडीला आलं. आम्हाला मात्र हा आजार ओळखीचा वाटला.

आमच्या लहानपणी घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. आवाजाचं बटण फिरवलं की खर्र खर्र. स्टेशन रोडवरचा मेकॅनिक मागचं झाकण काढून बटणाच्या डबीत स्पिरिटचा थेंब सोडायचा, बटण वीस-पंचवीस वेळा फिरवायचा. मग काही महिने रेडिओ स्वच्छ बोले.

त्या डबीत कार्बनचा थर दिलेली अर्धगोल पट्टी असते आणि तिच्यावर घासत फिरणारा धातूचा काटा. काटा कुठे टेकला आहे त्यावर विजेचा दाब ठरतो. याला पोटेन्शिओमीटर म्हणतात. बहुतेक जॉयस्टिकमध्ये अशाच दोन डब्या काटकोनात बसवलेल्या असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. घासून कार्बनची भुकटी होते, पट्टी झिजते, दांडी मध्यावर आणणारी स्प्रिंग सैल पडते. मग दांडी सरळ उभी असूनही यंत्राला ती कललेली दिसते.

न्यायशास्त्रात प्रत्यक्ष ज्ञानासाठी इंद्रिय आणि विषय यांचा सन्निकर्ष लागतो. वर्गात आम्ही ते वर्षानुवर्षं सांगितलं. पण सन्निकर्षाने इंद्रियच झिजतं, हे कुणी विद्यार्थ्याने विचारलं नाही, आम्हालाही सुचलं नाही.

स्पर्शाशिवाय मोजायचं कसं, याचं उत्तर फार जुनं आहे. १८७९ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल नावाचा विद्यार्थी मॅक्सवेलचा विद्युतचुंबकत्वावरचा ग्रंथ वाचत होता. मॅक्सवेल म्हणतो, चुंबकाचं बल तारेवर लागतं, तिच्यातल्या प्रवाहावर नाही. हॉलला हे पटेना. शिक्षक रोलंड यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने काचेवर सोन्याचा पातळ वर्ख चिकटवला, त्यातून वीज सोडली आणि तो चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवला. ऑक्टोबरमध्ये वर्खाच्या आडव्या दिशेला सूक्ष्म दाब सापडला. पुढच्याच महिन्यात, ५ नोव्हेंबरला, मॅक्सवेल वारले. विद्यार्थ्याने ग्रंथाशी वाद घालावा तर असा!

दांडीच्या बुडाशी चुंबक आणि समोर हॉलचा सेन्सर ठेवला, की घासायला काही उरतच नाही. सेगा कंपनीने १९९८ च्या ड्रीमकास्टमध्ये हे केलंही होतं. तरी त्यानंतरची कित्येक वर्षं बाजारात कार्बनच चालला. स्वस्त पडतो, आणि झिजला तर गिऱ्हाईक नवीन घेतं. आम्हाला ही लबाडीच वाटते, पण ते राहू द्या.

आता नातवाच्या यंत्राकडे. आधी सेटिंगमधला चाचणीचा पडदा उघडला. बोट काढल्यावर ठिपका मध्यापासून दूर थांबत होता. कॅलिब्रेशन केलं, दोन दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. मधला निष्क्रिय टापू, म्हणजे थोडी हालचाल दुर्लक्षिण्याची मर्यादा, वाढवून पाहिली. माणूस थांबला, पण हळू चालवणंही गेलं. नातू म्हणाला, "आजोबा, हे तर चष्म्याचा नंबर लपवण्यासारखं झालं."

शेवटी गावातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने आधी यंत्र बंद करून बॅटरीची जोडणी काढली. आतली जॉयस्टिक पातळ फितीने जोडलेली होती, डाग द्यायची गरज पडली नाही. मागवून ठेवलेली हॉल सेन्सरची जॉयस्टिक त्याने बसवली आणि पुन्हा कॅलिब्रेशन केलं. तेही लागतंच, कारण नव्या चुंबकाचा मध्य यंत्राला ठाऊक नसतो. शिवाय त्याने बजावलं, चुंबकाचं झाकण असलेल्या कव्हरात हे ठेवू नका.

उजवी जॉयस्टिक अजून कार्बनचीच आहे. तिच्यात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडून आम्ही ती वीस-पंचवीस वेळा फिरवली. दिवाळीपर्यंत चालावी.