धातूवरचा थर आणि ओझोनचे पाणी

गुडघ्यातला कृत्रिम सांधा किंवा मोडक्या हाडावरची प्लेट शरीरात राहते, पण धातूला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. तिथे चिकटलेले स्टॅफिलोकोकससारखे जीवाणू स्वतःभोवती बुळबुळीत आवरण रचतात. हाच बायोफिल्म, बरेच दिवस न घासलेल्या माठाच्या आतला थर त्याचाच घरगुती भाऊबंद. या आवरणातले जीवाणू एरवी पुरेशा ठरणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट प्रतिजैविकही पचवू शकतात. म्हणून कित्येक रुग्णांना दीर्घ औषधोपचारानंतरही पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते.

हा थर ओझोन विरघळवलेल्या पाण्याने धुऊन काढता येईल का, या विषयाच्या नव्या वाचकांनी ओझोनपासून नव्हे, थरापासून सुरुवात करावी. अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ साली मांडले की रोपणाच्या पृष्ठभागासाठी शरीराच्या पेशी आणि जीवाणू यांच्यात शर्यत लागते. ही कल्पना पटली, की जखम कशाने धुवावी यावर शल्यविशारद इतके का भांडतात, ते तुम्हाला उमगेल. उघड्या अस्थिभंगाच्या सुमारे अडीच हजार रुग्णांवरील ‘फ्लो’ चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली आले. साबणाच्या पाण्याकडून आशा होती; प्रत्यक्षात साध्या सलाइनच्या तुलनेत साबणाच्या गटातच फेरशस्त्रक्रिया जास्त झाल्या. धुण्यासारख्या साध्या कृतीचीही अशी कसून परीक्षा घेणारी ही विद्याशाखा आहे, याचा मला थोडा अभिमानही वाटतो.

ओझोन पाणी शुद्ध करतो, हे जुनेच ज्ञान. फ्रान्समधल्या नीस शहराने १९०६ पासून पिण्याच्या पाण्यासाठी तो वापरला. ऑक्सिडीकरणाने तो जीवाणूंचे कवच फोडतो, आवरणातल्या द्रव्यांवरही हल्ला चढवतो आणि शेवटी ऑक्सिजन होऊन जातो. मात्र तो अल्पायुषी. खोलीच्या तापमानाला पाण्यातला निम्मा ओझोन काही मिनिटांतच संपू शकतो, त्यामुळे बाटलीत साठवण्याची सोय नाही. पाणी लागेल तेव्हाच तयार करावे लागते. शिवाय रक्त, पू, मृत ऊती समोर आल्या की त्याची ताकद त्यांच्यावरच खर्च होते. म्हणजे आधी शस्त्राने जखम स्वच्छ करायची, हे पाणी त्यानंतर. तेही जपून, कारण त्यातून सुटणारा वायू फुप्फुसांना अपायकारक असतो.

म्हणून ओझोनच्या पाण्याचा कोणताही प्रयोग वाचताना ‘जीवाणू मेले’ या वाक्यावर थांबू नका. पाण्यात ओझोन किती होता, संपर्क किती मिनिटे होता, हे शोधा. थर एका रात्रीचा कोवळा होता की आठवड्याचा मुरलेला? काचेवर वाढवलेला की टायटॅनियमवर? आणि भोवती रक्त होते का? हा शेवटचा प्रश्न सर्वांत आधी विचारलात तरी चालेल.