अद्भुत आणि हास्य

देवनारचे आमचे एक तरुण स्नेही सध्यां एक कादंबरी लिहीत आहेत. तींतला राक्षस पडशानें हैराण आहे आणि राजपुत्राला घोड्यावर बसण्याचें भय वाटतें. एकेक प्रकरण ते घरांत वाचून दाखवितात. मंडळी पोट धरून हंसतात, आणि मग वडीलधारे विचारतात, "पण असलें कांहीं मराठींत पूर्वीं कोणीं लिहिलें आहे काय?" प्रश्न वाङ्मयाच्या इतिहासाचा आहे, म्हणून तो आम्ही येथें घेतों.

या वाङ्मयप्रकाराला आपण दिलेलें नांवच मुळीं एका अद्भुत कथेचें आहे. बाणभट्टाच्या 'कादंबरीं'त पोपट गोष्ट सांगतो आणि पात्रें जन्मांतरें ओलांडून एकमेकांस भेटतात. असें असूनही मराठींतली पहिली कादंबरी म्हणून जिचें नांव घेतात ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) विधवांच्या दुःखाची, अगदीं जमिनीवरची. अद्भुताची लाट तिच्यामागून आली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ सालची. याच दशकांत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठींत आणल्या. साष्टींत आगगाडी सुरू होऊन पंधरा वर्षें लोटलीं होतीं; देवनार मात्र खेडेंच होतें; आणि मराठी वाचक राजपुत्र, कपटी माणसें, घोर अरण्यें व अवचित भेटी यांत रमला होता.

'मंजुघोषे'पेक्षां तिची प्रस्तावना आम्हांस अधिक मोलाची वाटते. आमच्या लोकांच्या विवाहाच्या चालीरीती अशा, आणि साहसाची हौस इतकी थोडी, कीं रोजच्या आयुष्याचें जसेंच्या तसें वर्णन केल्यास त्यांत गोडी वाटावी असें कांहीं उरतच नाहीं, अशा आशयाची तक्रार रिसबुडांनीं तींत केली आहे. पुढील पिढीनें हा पळपुटेपणा ठरविला. आम्हांस तसें वाटत नाहीं. बालपणींच लग्न लागून ज्या समाजांत प्रीतीला जागाच उरत नाहीं, त्याच्यावरची ही टीकाच होय. मात्र ती कथेंत न उतरतां प्रस्तावनेंत अडकून राहिली. गोडी नसली तरी त्या जिण्यांत दुःख होतें, आणि तें पदमनजींनीं अकरा वर्षांपूर्वींच दाखविलें होतें. हरिभाऊ आपट्यांनीं १८८५ सालीं 'मधली स्थिति' लिहिली, आणि पुढें 'करमणूक' पत्रांत 'पण लक्षांत कोण घेतो?' छापून येऊं लागल्यावर तर रिसबुडांची सबब कायमची संपली.

आमची खरी तक्रार निराळीच आहे. हे अद्भुतकार हंसत नाहींत. 'वेताळपंचविशीं'त राजा खांद्यावर प्रेत घेऊन निघतो, त्यांतला वेताळ गोष्ट सांगून कोडें घालतो, आणि राजानें तोंड उघडलें कीं प्रेत पुन्हां झाडावर! ही फजिती जितकी भयंकर तितकीच गमतीची, हें आज्यांना ठाऊक होतें. छापखान्याच्या काळीं मात्र ग्रंथ बोधपर हवा, निदान प्रतिष्ठित तरी हवा. बक्षिसें देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी, पुस्तकाला आश्रय देणारे सभ्य गृहस्थ, यांच्यापुढें नवख्या लेखकानें पडसें झालेला राक्षस कोणत्या तोंडानें उभा करावा?

हास्य आलें तें दुसऱ्या दारानें. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा पहिला विनोदी लेख १९०२ सालीं 'विविधज्ञानविस्तारां'त आला. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट रूढींची जी थट्टा करतें, तिच्यांतली अतिशयोक्ति कोणत्याही परीकथेला हार जाणार नाहीं. पण ते लेख; कादंबरी नव्हे. नाथमाधवांनीं 'वीरधवल' (१९१३) लिहिली, ती पुन्हां गंभीर अद्भुताकडेच गेली. दोन्ही घराणीं शेजारीं राहिलीं, सोयरीक जुळली नाहीं. जवळ आलींच असलीं तर एका नांवापुरतीं: कोल्हटकरांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'चें दुसरें नांव 'साहित्यबत्तिशी'. त्यांत सिंहासनावरच्या बत्तीस पुतळ्याही आहेत आणि हंसतांना दिसणारे बत्तीस दांतही.