बोरीबंदरसमोरील अंजुमन : एका वास्तूची सामाजिक पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या वास्तूंविषयी लिहिताना आपण बहुधा वास्तुविशारदांची नावे सांगून थांबतो. व्हिक्टोरिया टर्मिनस स्टीव्हन्स यांचे, राजाबाई टॉवर स्कॉट यांचा, क्रॉफर्ड मार्केट इमर्सन यांचे. पैसा कोणाचा व गरज कोणाची, हे प्रश्न मागे राहतात. वस्तुतः राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याच्या देणगीतून उभा राहिला आणि त्याला नाव मिळाले ते त्यांच्या आईचे. अंजुमन-ए-इस्लामच्या इमारतीकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे.

अंजुमनची स्थापना १८७४ मध्ये झाली. बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन आणि नाखुदा मुहम्मद अली रोगे हे तिच्या संस्थापकांपैकी प्रमुख होत. तय्यबजी मूळचे खंबायतच्या सुलेमानी बोहरा व्यापारी घराण्यातील. बद्रुद्दीन १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले, कमरुद्दीन सॉलिसिटर होते. रोगे कोकणी मुसलमान. त्यांच्या नावाआधीचा 'नाखुदा' हा शब्द बंदरातला आहे. फारसीत 'नाव' म्हणजे जहाज व 'खुदा' म्हणजे धनी. आपल्या कोळ्यांचा 'नाखवा' तो हाच! वकिली आणि सागरी व्यापार यांची सांगड या संस्थेच्या मुळाशी आहे.

येथे भाषेचा मुद्दा विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. बोहऱ्यांची परंपरागत भाषा गुजराती, कोकणी मुसलमानांची बोली मराठीच्या कुळातली. तरीही शाळेत इंग्रजीबरोबर उर्दूला स्थान मिळाले. म्हणजे या मंडळींच्या दृष्टीने उर्दू ही वारशाने आलेली घरची भाषा नव्हती. निरनिराळ्या जमातींना एका वर्गात बसविण्यासाठी तिची निवड झाली, असे मला वाटते. उर्दूला सरसकट 'मुसलमानांची मातृभाषा' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पहिली शाळा १८८० मध्ये बाबुला टँक येथे, वस्तीतच, सुरू झाली. पुढे सरकारने बोरीबंदरसमोर जागा दिली. १८९० मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि १८९३ मध्ये इमारत पूर्ण झाली. जेम्स विलकॉक्स व मंचरजी मर्झबान यांची नावे तिच्याशी निगडित आहेत. घुमट, मनोरे आणि कमानी यांमुळे ती इंडो-सारसेनिक शैलीची म्हणून ओळखली जाते. रेल्वे स्थानक समोरच, आणि महापालिकेची इमारतही त्याच वर्षी जवळच पूर्ण झालेली. बाबुला टँकपासूनचे अंतर पायी जाण्याइतकेच. पण मोहल्ल्यातील मूल आता शहराच्या दर्शनी रस्त्यावर शिकू लागले. इमारतीच्या शैलीइतकीच ही जागा महत्त्वाची आहे. पर्यटनाच्या पुस्तकांत मात्र तिच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ येते.

बद्रुद्दीन १८८७ मध्ये मद्रास येथील काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष आणि १८९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९०६ मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले. अंजुमनने १९४७ मध्ये उर्दू संशोधन संस्था स्थापन केली. उर्दू, फारसी व अरबीच्या अभ्यासकांना तेथील करीमी ग्रंथालय परिचित आहेच.