डिजॉक्सिन : सुरक्षितता व दुष्परिणाम

हृदयाच्या आकुंचनाला बळ देणारे आणि आलिंद-विकंपनात, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या अनियमित थरथरीत, नाडीची गती आटोक्यात ठेवणारे हे औषध डिजिटॅलिस लॅनाटा या वनस्पतीच्या पानांपासून मिळते. याच प्रजातीतील तिलपुष्पीच्या पानांचे गुण इंग्रज वैद्य विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये ग्रंथरूपाने मांडले आणि मात्रा वाढल्यास होणाऱ्या विषबाधेची नोंदही तेव्हाच केली.

उपकारक व अपायकारक मात्रांतील अंतर फार थोडे, ही या औषधाची खरी अडचण होय. ते पेशीपटलावरील सोडियम-पोटॅशियम पंप रोखते. त्यामुळे फ्युरोसेमाइडसारख्या मूत्रल औषधाने रक्तातील पोटॅशियम घटले की नेहमीची गोळीही बाधू शकते. ते मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडत असल्याने वृद्धांत व मूत्रपिंडविकारात मात्रा कमी ठेवतात, तर व्हेरापामिल किंवा अमिओडॅरोन सोबत असल्यास रक्तातील पातळी तपासणे अगत्याचे असते. अन्नावरची वासना उडणे, मळमळ, भोवळ ही आरंभीची लक्षणे अनेकदा वयावर ढकलली जातात, आणि हे दुर्लक्षच सर्वांत घातक ठरते. कारण पुढे वस्तू पिवळसर दिसणे, दिव्यांभोवती वलये दिसणे व हृदयतालातील जीवघेणा बिघाड उद्भवू शकतो. तीव्र विषबाधेत डिजॉक्सिनला बांधून ठेवणारे प्रतिपिंडांचे अंश शिरेवाटे देतात.