तीर्थनकाठची ट्राउट : माफक खर्चातील फ्लाय फिशिंगची आखणी

कोकणातल्या माणसाला गरी नवी नाही. खाडीच्या कडेला बसून, आमिष लावून, दोर पाण्यात सोडून तासन् तास वाट पाहण्याची विद्या तो लहानपणीच शिकलेला असतो. फ्लाय फिशिंग हा त्याच कुळातला, परंतु स्वभावाने अगदी निराळा छंद आहे. येथे खरे आमिष नसते. पिसे, केस आणि धागा गळावर गुंडाळून तयार केलेला खोटा कीटक असतो. त्याला वजन जवळजवळ नसतेच, त्यामुळे तो फेकता येत नाही. वजन असते ते जाडसर, खास बनावटीच्या दोरीला. ती दोरी लवचीक दांडीने हवेत मागे-पुढे उलगडायची आणि तिच्या टोकाशी असलेली ही 'माशी' पाण्यावर अलगद उतरवायची, एवढेच या खेळाचे सूत्र.

हा श्रीमंतांचा छंद, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे आणि ती अगदीच निराधार नाही. दक्षिण इंग्लंडमधील टेस्टसारख्या प्रख्यात नदीवर काठाचे हक्क खासगी मालकीचे असतात. तेथे एका दिवसासाठी शंभराहून अधिक पौंड सहज मोजावे लागतात. आपल्या हिमाचल प्रदेशात मात्र राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचा दिवसाचा परवाना काढला, की ट्राउटच्या नदीवर गळ टाकण्याची मुभा सर्वसामान्य पर्यटकालाही मिळते. साऱ्या सहलीच्या खर्चात या परवान्याचा वाटा सर्वांत लहान. मग पैसा जातो कोठे? तो जातो चुकीच्या आठवड्यात प्रवास करण्यात आणि अनावश्यक साहित्य विकत घेण्यात. नोकरदाराला वर्षाकाठी मिळणाऱ्या चार-पाच दिवसांच्या रजेत हे दोन्ही टाळता आले, तर हा छंद खचितच परवडतो.

त्यासाठी कुलू जिल्ह्यातील तीर्थन नदीचे उदाहरण घेऊ. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या उंच डोंगरांत उगम पावणारी ही नदी गुशैणी आणि बंजार ही गावे मागे टाकत लारजीपाशी बियास नदीला मिळते. या उद्यानाला 2014 साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प होऊ नयेत म्हणून खोऱ्यातील लोकांनी न्यायालयापर्यंत लढा दिला. नदीचे पाणी आज मुक्त वाहते आहे ते त्यामुळे. येथील ब्राउन ट्राउट मात्र मूळची येथील नव्हे. साहेबाने आपल्या करमणुकीसाठी 1900 साली स्कॉटलंडहून तिची अंडी काश्मिरात आणली आणि 1909 च्या सुमारास ती कुलूच्या खोऱ्यात पोहोचली. आज ती तेथे चांगली रुळली आहे. तिच्या येण्याने स्थानिक स्नो ट्राउटचे काय झाले, हा प्रश्न अभ्यासकांना अस्वस्थ करतो. तो येथे केवळ नोंदवून ठेवतो.

आखणीचा आरंभ दिनदर्शिकेपासून करावा. ब्राउन ट्राउट हिवाळ्याच्या तोंडी अंडी घालते. म्हणून हिमाचलात नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या मासेमारीस बंदी असते. जुलै आणि ऑगस्ट हे पावसाचे महिने. त्या काळात नदी गढूळ होतेच, शिवाय दरडींमुळे रस्ते केव्हा बंद होतील याचा नेम नसतो. जुलै 2023 च्या पुराने कुलू जिल्ह्याची काय दैना केली, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. उरले मार्च ते जून आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर. यातही एक फसवी जागा आहे. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते, म्हणून आपण हटकून त्याच वेळी निघतो, आणि नेमका त्याच सुमारास उंचावरचा बर्फ वितळून नदी फुगू लागते. प्रस्तुत लेखकाने आपली पहिली सहल अशीच मे अखेरीस केली. तीन दिवस दुधी-करड्या, खळाळत्या पाण्याकडे पाहत चहा पिण्यापलीकडे काही घडले नाही. पाणी इतके वेगात होते की माशी टेकते न टेकते तोच वाहून जाई. मार्चचा उत्तरार्ध, एप्रिल आणि दसऱ्यापुढचे दिवस ही खरी वेळ होय. त्या दिवसांत पाणी नितळ आणि बेताचे असते. शिवाय मे-जूनच्या गर्दीचा हंगाम नसल्याने निवासाचे दरही उतरलेले असतात. मासा आणि खिसा या दोघांच्या सोयीचा काळ एकच निघावा, हा सुखद योगायोग म्हणायचा.

प्रवासाचे गणित सोपे आहे. मुंबई-पुण्याहून रेल्वेने दिल्ली किंवा चंडीगड गाठावे आणि तेथून मनालीकडे जाणारी रात्रीची बस धरावी. मनालीपर्यंत जायचे नाही. मंडीच्या पुढे औटचा लांबलचक बोगदा लागतो. त्याच्या अलीकडच्या तोंडाशी उतरावे. तेथून उजवीकडे बंजारचा रस्ता फुटतो. बंजार सुमारे तीस किलोमीटर, तर गुशैणी त्याच्याही पुढे दहाएक किलोमीटर. या मार्गावर स्थानिक बस चालतात. टॅक्सीचा खर्च करायचाच असेल तर तो परतीच्या दिवशी करावा, कारण तेव्हा गाडी चुकण्याची धास्ती असते. राहण्यासाठी नदीकाठची चकचकीत कॉटेजे न शोधता गावातील घरगुती निवास पाहावा. तेथे दोन वेळच्या जेवणासह खर्च बराच कमी येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, काल कोणत्या डोहात मासा उठला होता ही बातमी चुलीपाशीच मिळते.

परवाना बंजारजवळ नागिनी येथील मत्स्यव्यवसाय विभागाच्या ट्राउट केंद्रात मागावा. शुल्क आणि नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी विभागाकडे चौकशी करणे श्रेयस्कर. परवान्यावरील अटी नीट वाचाव्यात. दिवसाला किती मासे, किती लांबीपेक्षा लहान मासा परत सोडायचा आणि गळ कोणत्या पट्ट्यात टाकायचा, हे त्यात ठरवून दिलेले असते. राष्ट्रीय उद्यानात शिरण्याचा परवाना स्वतंत्र असतो. तेथे हिंडायला जावे. गळ टाकायचा तो उद्यानाच्या हद्दीबाहेरच. काही जण चार पैसे वाचवण्यासाठी परवान्याला बगल देतात. हा कंजूषपणा नव्हे, चोरी आहे.

आता साहित्याविषयी. दुकानदार पहिल्याच भेटीत दहा गोष्टी गळ्यात मारू पाहतो. प्रस्तुत लेखकाला एका दुकानात समुद्रावरच्या मासेमारीची जाडजूड दांडी 'ट्राउटलाही चालेल' म्हणून विकण्यात आली होती. ती आजही माळ्यावर पडून आहे. फ्लायच्या दांड्यांना क्रमांक असतात. क्रमांक जितका लहान, तितकी दांडी व दोरी हलकी. तीर्थनसारख्या नदीला चार किंवा पाच क्रमांकाची, साडेआठ ते नऊ फुटांची, चार तुकड्यांत सुटणारी दांडी योग्य. दोरी त्याच क्रमांकाची, पाण्यावर तरंगणारी घ्यावी. दांडी स्वस्त चालेल, परंतु दोरीत काटकसर करू नये, कारण फेक घडवते ती दोरी. रीळ मात्र साधे पुरते. या नदीत ते दोरी गुंडाळून ठेवण्यापलीकडे फारसे काम करीत नाही. दोरीच्या पुढे नऊ फुटांचा निमुळता नायलॉनचा लीडर आणि त्याच्या टोकाला चार किंवा पाच एक्स जाडीचा धागा बांधावा. येथे आकड्यांची चाल उलटी आहे : एक्सचा आकडा वाढला की धागा बारीक होतो. गळाचेही तसेच. बारा क्रमांकाचा गळ सोळापेक्षा मोठा असतो.

याहूनही स्वस्त वाट जपानने दाखवली आहे. तेथील डोंगरी ओढ्यांवर रूढ असलेल्या 'तेनकारा' पद्धतीत रीळच नसते. बारा फुटांच्या आसपासची, दुर्बिणीसारखी आत सरकणारी दांडी, तिच्या टोकाला तेवढ्याच लांबीची दोरी आणि एक माशी, बस्स. मिटल्यावर ती दोन-अडीच फुटांची होऊन पाठपिशवीत मावते. तीर्थनच्या वरच्या भागात मोठमोठ्या शिळांमध्ये पाण्याची लहान लहान डबकी तयार होतात. तेथे दूरची फेक लागतच नाही. प्रस्तुत लेखकाचे मत असे, की नवख्याने आरंभ तेनकारानेच करावा. रिळाचा खर्च वाचतोच, पण अर्धा गुंताही वाचतो. माश्यांच्या बाबतीत हाव नको. पाण्यावर तरंगणाऱ्या 'अ‍ॅडम्स' आणि 'एल्क हेअर कॅडिस', पाण्याखालून जाणारी 'फेझंट टेल निम्फ' आणि गढूळ पाण्यासाठी गडद रंगाची 'वुली बगर', या चार प्रकारांच्या प्रत्येकी तीन-चार माश्या आठवडाभर पुरतात. निम्म्या झाडांत अडकून जातील, हे गृहीत धरावे.

पैसा न लागणारी, तरीही सर्वाधिक दुर्लक्षित अशी तयारी म्हणजे सराव. गावचे मैदान किंवा समुद्राची चौपाटी यासाठी पुरेशी आहे. धाग्याच्या टोकाला गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधावा. दांडी घड्याळाच्या काट्याप्रमाणे दहा आणि एक या आकड्यांच्या दरम्यानच हलवावी आणि मागे गेलेली दोरी पूर्ण उलगडेपर्यंत क्षणभर थांबावे. सारे काही त्या क्षणभराच्या थांबण्यात आहे. भोवती मुले जमतील, मैदानात मासे कोठले म्हणून विचारतील. त्यांना उत्तर देत बसू नये. एकेकाच्या हाती दांडी द्यावी. पंधरा दिवस रोज अर्धा तास घालवला, की नदीकाठचा पहिला दिवस गाठी सोडवण्यात वाया जात नाही.

वाटाड्या हवा की नको? पहिल्या दिवशी अवश्य घ्यावा, पुढे स्वतः हिंडावे. त्याच्याकडून मासा मागू नये, पाणी वाचायला शिकावे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभी असते आणि फुकट श्रम करीत नाही. शिळेमागचा आडोसा, वेगवान व संथ पाण्याची जेथे शिवण जुळते ती रेषा, डोहात शिरणाऱ्या धारेची कड, या तिच्या जागा. म्हणून खालच्या बाजूने, तिच्या पाठीमागून, वाकून जवळ जावे आणि माशी तिच्या पुढे टाकून प्रवाहाच्या गतीने येऊ द्यावी. माशी पाण्यावर ओढली गेली, तिच्यामागे रेघ उमटली, की मासा फिरकत नाही. पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा या कामी दांडीइतकाच उपयोगी पडतो. वाटाड्याच्या मजुरीत मात्र घासाघीस करू नये. त्याने एका दिवसात दाखवलेले स्वतः शोधायचे तर दोन सहली लागतील.

पाण्यात उतरण्याचे महागडे रबरी कपडे पहिल्या वेळी घेऊ नयेत. लोकरीचे मोजे, लवकर वाळणारी विजार, पकड असलेले जुने बूट आणि हातात काठी एवढे पुरे. गुडघ्याच्या वर पाण्यात जाण्याचे कारणच नसते. मार्चमध्ये पाणी इतके थंड असते की काही मिनिटांत पाय बधिर होतात, तेव्हा काठावरच्या शिळांवरूनच फेकावे. वरच्या डोंगरात ढग दाटले आणि पाण्याचा रंग बदलू लागला, तर मासा लागलेला असला तरी बाहेर यावे. आणखी एक गोष्ट ठळकपणे सांगणे भाग आहे. तीर्थनवर धरण नाही. परंतु लारजीपाशी बियासवर आहे, आणि त्याच्या खालच्या पात्रात पाणी कधीही सोडले जाते. 8 जून 2014 रोजी थलौट येथे हैदराबादचे 24 अभियांत्रिकी विद्यार्थी असे अचानक सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. बसमधून येताना ते पात्र सुरेख आणि मोकळे दिसते. तेथे दांडी काढण्याचा मोह कोणालाही होईल. तो आवरावा.

धरलेला मासा खाण्यास परवानगी असली, तरी सोडून देण्याची रीत हल्ली रुजते आहे आणि ती योग्यच आहे. घरगुती निवासात ताटात येणारी ट्राउट बहुधा तळ्यात वाढवलेली रेनबो जातीची असते. खाण्याची हौस तीवर भागवावी. सोडायचा असेल तर गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने चेपून ठेवावा. हात ओले केल्याशिवाय माशाला स्पर्श करू नये, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघतो. छायाचित्र काढायचे तर माशाला पाण्यातच ठेवून काढावे. मग त्याचे तोंड प्रवाहाकडे करून, तो स्वतःहून निसटेपर्यंत हातात हलकेच धरून ठेवावे.

एवढे करूनही अवकाळी पावसाने तीर्थन गढूळ झालीच, तर रजा वाया गेली असे समजू नये. मंडी जिल्ह्यातील बरोट येथे ऊहल नदीवर ट्राउट आहे आणि तेथील राहणी आणखी साधी, आणखी स्वस्त आहे. शिमला जिल्ह्यात रोहडूकडची पब्बर आणि किन्नौरमधील सांगल्याची बास्पा याही ट्राउटच्याच नद्या, मात्र त्या दूर पडतात. चार दिवसांच्या रजेत दुसरा पर्याय म्हणून बरोटच धरावे आणि तेथील बसच्या वेळा मंडीच्या स्थानकात आधीच विचारून ठेवाव्यात.