मंडईतला पावशेर

पुण्याची मंडई 1886 मध्ये मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने सुरू झाली, आणि जिच्या खर्चाला नगरपालिकेचे सभासद या नात्याने जोतीराव फुले यांनी हरकत घेतली होती तिला पुढे त्यांचेच नाव मिळाले; परंतु शनिवारवाड्यासमोरच्या मैदानातून तिच्या अष्टकोनी मनोऱ्याखाली आलेल्या भाजीबाजाराने नामांतराहूनही खोल असा जो पालट पाहिला, तो मापांचा होय.

1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी चलनात आली. तोवर रुपयाचे 16 आणे, म्हणजे 64 पैसे किंवा 192 पै होत; आता त्याचे 100 नवे पैसे झाले आणि आण्याच्या वाट्याला सव्वासहा आले. पाव पैशाचे नाणे नव्हते. म्हणून सरकारी कोष्टकाने एका आण्याचे 6 धरले, तर तीन आण्यांचे पावणेएकोणीस होतात म्हणून 19. आण्याची एक अशा मेथीच्या तीन जुड्या एकेक करून तीनदा घेतल्या तर 18 नवे पैसे पडावेत आणि एकदम घेतल्या तर 19, आणि दोन्ही हिशेब कायद्याला धरूनच असावेत!

असाच मापांचा पालट आज संगणकातही करावा लागतो. प्रोग्राममधील एखाद्या व्हेरिएबलचा टाइप पूर्णांकाचा दशांश, किंवा दशांशाचा पूर्णांक, करावयाचा झाला, तर त्यासाठीची स्वयंचलित साधने त्याची मूळ नोंद शोधतात, त्याचे मूल्य ज्या ज्या ओळींत पोहोचते तेथवर माग काढतात आणि सर्वत्र एकसारखा फेरफार करतात. कारकुनाने दप्तरभर खतावण्या महिनोन्‌महिने दुरुस्त कराव्यात, ते काम क्षणात होते. मात्र पूर्णांक करावयाचा तो प्रत्येक जिनसामागे की अखेरच्या बेरजेवर, हे त्या नोंदीत लिहिलेले नसते. ते व्यवहार जाणणाऱ्यालाच सांगावे लागते. असे रूपांतर फसले तर सवड मिळतेच असे नाही: 4 जून 1996 रोजी एरियान 5 हा अग्निबाण सुमारे 40 सेकंदांत नष्ट झाला, तो 64 बिटांची एक संख्या 16 बिटांच्या पूर्णांकात न मावल्यामुळे.

मंडईला मात्र सवड मिळाली. जुनी-नवी नाणी काही वर्षे एकाच गल्ल्यात नांदली, आणि पैशामागचे ‘नवे’ 1 जून 1964 रोजी गळाले. वजनांचा कायदा 1956 चा. ऑक्टोबर 1958 पासून त्याचा अंमल टप्प्याटप्प्याने सुरू झाला, आणि 80 तोळ्यांचा, सुमारे 933 ग्रॅमचा शेर तागडीतून उतरला. गिऱ्हाईक आजही पावशेर मिरच्या मागते. पूर्वी त्या 233 ग्रॅम भरत, आता 250 भरतात.