चिमट्यात तेल आहे का? सायकलच्या शॉकअपची गोष्ट

हा भाग ज्यांना कानाऐवजी डोळ्यांनी वाचायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना जे "अं... म्हणजे..." झालं ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.

आज सायकलबद्दल बोलायचंय. सायकल म्हणजे अख्खी सायकल नाही हं, तिचा एकच भाग, पुढचा चिमटा. इंग्रजीत ज्याला फोर्क म्हणतात आणि आमच्या नागपुरात ज्यात स्प्रिंग आली की त्याचं नाव लगेच 'शॉकअप' होतं. पुढच्या सीझनचे नवे फोर्क जाहीर झालेत, इन्स्टावर रील्सचा पूर आलाय आणि मला किमान चार जणांनी मेसेज करून विचारलंय, "भाऊ, घेऊ का?" उत्तर देणार आहे. पण आधी माझी फजिती ऐका, आणि मग थोडा इतिहास. कारण तो इतिहास मला आधी माहीत असता, तर माझे पैसेही वाचले असते आणि कॉलर बोनही.

मी धरमपेठेत राहतो. दहावीनंतर बाबांनी मला एक 'माउंटन बाइक' घेऊन दिली होती. 26 इंची चाकं, व्ही-ब्रेक आणि पुढे चकाचक शॉकअप. कॉलनीत मी राजा होतो! ट्रॅफिक पार्कपासून फुटाळ्यापर्यंत आणि तिथून सेमिनरी हिल्सच्या चढावर, रोज. मागच्या वर्षी पावसाळा संपल्यावर मी सेमिनरी हिल्सचा एक कच्चा उतार धरला. खाली मुरूम, मधून मधून डोकं वर काढलेले काळे दगड. पहिल्या दगडावर शॉकअप दबला, आणि दुसऱ्या क्षणी त्याने मला असं वर फेकलं की पुढचं चाक जमिनीवर नव्हतंच. हँडल वळवलं, पण हवेतलं चाक वळवून काय होणार? पुढचे दीड महिने हात गळ्यात. आईने सायकलला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

मी काय निष्कर्ष काढला? शॉकअप जुना झाला, नवा पाहिजे. इंटर्नशिपचे पैसे साठवले होते, सेलमध्ये 14 हजारांचा एअर फोर्क मागवला. ऐटीत खोकं घेऊन गोकुळपेठ बाजारामागच्या आमच्या नेहमीच्या सायकलवाल्या काकांकडे गेलो. काकांनी तो बाहेर काढला, एकदा माझ्या सायकलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "काहून आणलं बे हे? तुह्या सायकलीले हे बसतच नाही."

मग एकेक बोट मोडत कारणं सांगितली. याची दांडी खालच्या बाजूला जाड होत जाते, तुझ्या फ्रेमचा पाइप सरळ. याचा एक्सल 15 मिलिमीटरचा, तुझ्या चाकाचा 9 चा. हा 27.5 इंची चाकासाठी, तुझं 26 चं. आणि याच्यावर व्ही-ब्रेक लावायला जागाच नाही, हा डिस्कवाला. चार बोटं मोडली. पाचवं बोट माझ्याकडे केलं, त्याचा अर्थ तुम्हाला कळला असेल. परत करायची मुदत मी स्वतःच घालवून बसलो होतो.

मग काकांनी माझा जुना शॉकअप खोलला. आतून निघाली एक गंजलेली स्प्रिंग, काळं पडलेलं ग्रीस आणि प्लास्टिकचा एक तुकडा. "पाह्य. तेल कुठी आहे याच्यात? हा शॉकअप नाही, नुसता स्प्रिंग आहे. दाबला की तितक्याच जोरानं फेकते."

हे वाक्य डोक्यात घेऊन मी घरी आलो आणि शोधायला बसलो. आणि मंडळी, सायकलच्या सस्पेन्शनचा सगळा इतिहास या एका वाक्याभोवती फिरतो.

चला, 1885 मध्ये जाऊ. लंडनच्या लिनली अँड बिग्ज कंपनीने 'व्हिपेट' नावाची सायकल काढली. तिच्या फ्रेममध्येच स्प्रिंगा होत्या. सीट, हँडल आणि पायडल हे तिन्ही एकत्र, चाकांपासून वेगळे झुलायचे. म्हणजे 'सस्पेन्शनवाली सायकल' ही कल्पना आपल्या पणजोबांपेक्षा जुनी आहे! तेव्हा टायर भरीव रबराचे होते आणि रस्ते दगडी. हाडं खिळखिळी व्हायची, म्हणून हा खटाटोप.

पण तीनच वर्षांत या स्प्रिंगांची गरज संपली. 1888 मध्ये बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेलं टायर बनवलं आणि पेटंट घेतलं. खरं तर अशाच टायरचं पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी 1845 मध्येच घेतलं होतं, पण तेव्हा जगात सायकलींची लाटच आलेली नव्हती. डनलॉपची वेळ बरोबर जुळली. हवा स्प्रिंगेपेक्षा हलकी, स्वस्त, आणि लहान दगड तर ती आपल्या पोटातच घेते. पुढची जवळपास 100 वर्षं नेहमीच्या सायकलींचं काम हवेवरच भागलं.

आपल्या आजोबांची काळी सायकल आठवा. माझे आजोबा धरमपेठेतून सिव्हिल लाइन्सच्या ए.जी. ऑफिसात सायकलनेच जायचे. त्या सायकलीला शॉकअप नव्हता, पण बारकाईने पाहिलं तर सगळीकडे सस्पेन्शनच होतं. 28 इंची मोठी चाकं, सीटखाली दोन जाडजूड स्प्रिंगा, आणि चिमट्याची टोकं पुढे वाकवलेली. ते लोखंड धक्क्यासरशी थोडंसं लवायचं आणि परत जागेवर यायचं. संथ रस्त्यावर, ताठ बसून ऑफिसला जाणाऱ्या माणसाला एवढं पुरेसं होतं.

मग शॉकअपची गरज पडली कुठे? उतारावर. 21 ऑक्टोबर 1976, अमेरिकेत कॅलिफोर्नियातला मरीन परगणा. काही पोरं जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावरून खाली सुटली. साधारण 2 मैलांत 1300 फूट खाली! मागच्या हबमध्ये ब्रेक होता, तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. दर फेरीनंतर हब खोलून पुन्हा ग्रीस भरावं लागे. म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं 'रिपॅक'. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली, टॉम रिची ही माउंटन बाइकच्या जन्माशी जोडलेली नावं याच टोळक्यातली. 1981 मध्ये स्पेशलाइज्डची 'स्टंपजंपर' बाजारात आली आणि माउंटन बाइक सामान्य माणसाला दुकानात मिळू लागली. पण लक्षात घ्या, या सगळ्या सायकलींचे चिमटे साधे, ताठ होते. धक्का खायला फक्त टायर आणि मनगटं.

इथे गोष्टीत मोटरसायकल येते. बीएमडब्ल्यूने 1935 मध्येच आपल्या गाड्यांना तेलाने आवरलेला टेलिस्कोपिक फोर्क दिला होता. नळीत नळी सरकते, आत स्प्रिंग आणि तेल. तेल कशाला? तर स्प्रिंग दबली की तिच्यात ताकद साठते, आणि ती ताकद ती परत करणारच. तिला बारीक भोकांतून तेल ढकलायला लावलं की ती ताकद तेल गरम करण्यात खर्च होते. फोर्क हळू, शिस्तीत परत येतो. याला म्हणतात डॅम्पिंग. आपल्याकडे बाइकवाला "शॉकअप गळतोय" म्हणतो ना, तेव्हा हेच तेल गळत असतं.

पॉल टर्नर नावाचा माणूस होंडाच्या मोटोक्रॉस गाड्यांवर काम केलेला. त्याला हे सायकलमध्ये आणायचं होतं. 1989 मध्ये त्याने स्टीव्ह सायमन्सबरोबर रॉकशॉक्स कंपनी सुरू केली आणि फोर्क आणला, 'आरएस-1'. जेमतेम 2 इंच दबायचा. पण आत काय होतं? हवेची स्प्रिंग आणि तेलाचं डॅम्पिंग. आज 2 लाखांच्या सायकलीतल्या फोर्कमध्ये काय असतं? हवेची स्प्रिंग आणि तेलाचं डॅम्पिंग!

लोक हसले. जड आहे, सायकलची मोटरसायकल करताय का, वगैरे. मग 1990 साली कोलोरॅडोतल्या ड्युरांगोला पहिली अधिकृत माउंटन बाइक जागतिक स्पर्धा झाली आणि उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्डने रॉकशॉक्स लावून जिंकली. हसणं थांबलं. त्याच सुमारास डग ब्रॅडबरी यांनी 'मॅनिटू' फोर्क काढला, त्यात स्प्रिंगेऐवजी रबरासारख्या इलॅस्टोमरच्या गुटक्या. हलका, सोपा, पण थंडी पडली की गुटक्या कडक व्हायच्या. 1996 मध्ये अटलांटाला माउंटन बाइकिंग ऑलिम्पिकमध्ये पोचलं.

आता माझ्या पडण्याचं उत्तर. आपल्याला वाटतं, शॉकअप म्हणजे आराम. हर्बोल्ड आरामासाठी लावत नव्हता. फोर्कचं खरं काम चाक जमिनीला चिकटवून ठेवणं हे आहे. चाक जमिनीवर असेल तरच ब्रेक लागतो, तरच सायकल वळते. बिनतेलाची स्प्रिंग नेमकं उलटं करते, चाक उचलून फेकते. माझी स्वस्त सायकल शॉकअपसारखी फक्त दिसत होती. वर तो अडीच किलोच्या आसपासचा लोखंडी गोळा मी रोज चढावर वाहत होतो!

आणि माझे 14 हजार? त्यामागेही इतिहासच आहे. फोर्क 2 इंचांवरून 4, 6, 7 इंच दबायला लागले. लांब फोर्क वाकतो, म्हणून सगळं जाड करावं लागलं. सरळ दांडी गेली, खाली जाड होणारी टेपर्ड आली. 2008-09 च्या सुमारास 9 ऐवजी 15 मिलिमीटरचा एक्सल आला. 2014-15 कडे हबची रुंदी 100 वरून 110 झाली, तिचं नाव 'बूस्ट'. 2020 मध्ये फॉक्स आणि रॉकशॉक्स दोघांनी 38 मिलिमीटर जाडीच्या नळ्यांचे फोर्क काढले. प्रत्येक बदलाला खरं कारण होतं. पण प्रत्येक बदलाने मागच्या सायकली पोरक्या केल्या, हेही खरं. माझी त्यातलीच एक.

बरं, मग नवं काय? 2025 मध्ये फॉक्सने 'पोडियम' आणला, उलटा फोर्क. जाड नळ्या वर, बारीक खाली. केटीएम ड्यूक पाहिली आहे ना, तसाच यूएसडी. रील्समध्ये "क्रांती" लिहिलंय. पण मार्झोकीचा 'शिव्हर', मॅनिटूचा 'डोराडो' हे उलटे फोर्क 2000 नंतरच्या काही वर्षांतच येऊन गेले, आणि 2014 मध्ये रॉकशॉक्सने आपलं जुनं 'आरएस-1' हे नावच एका उलट्या फोर्कला दिलं होतं. कल्पना जुनी, घडवण्याची हातोटी नवी. दुसरी गोष्ट इलेक्ट्रॉनिक्स. फॉक्सचं 'लाइव्ह व्हॉल्व्ह' 2018 चं, रॉकशॉक्सचं 'फ्लाइट अटेंडंट' 2021 चं. सेन्सर रस्ता ओळखतो आणि फोर्क कडक-मऊ करतो. भारी आहे, नाही म्हणत नाही. पण तो आवरतो काय? तेलच!

तर "भाऊ, घेऊ का?" याचं उत्तर. आधी दुकानात जाऊन पुढचा ब्रेक दाबा, हँडलवर पूर्ण वजन टाका आणि झटकन सोडा. टणकन उसळला तर तेल नाही. सावकाश वर आला तर आहे. मग चार गोष्टी लिहून घ्या: दांडी सरळ की टेपर्ड, एक्सल किती, चाक किती इंची, ब्रेक कुठला. पाचवी म्हणजे फोर्क किती दबतो. फ्रेम 4 इंचांसाठी बनली असेल तर 6 इंची लावू नका. पुढचा भाग उचलला जातो आणि फ्रेमच्या मानेवर जोर येतो. एअर फोर्क घेतलाच, तर स्वतःच्या वजनाप्रमाणे हवा भरा. तुम्ही नुसते बसल्यावर तो पाव भागाच्या आसपास दबायला हवा. आणि सर्व्हिस! रॉकशॉक्स तर 50 तास चालवल्यावर खालच्या नळ्या उघडून साफ करायला सांगते. आपल्याकडची काळी माती आणि मुरमाची धूळ पाहता ते जास्त वाटत नाही.

माझं काय झालं? तो फोर्क व्हीएनआयटीच्या एका पोराच्या सायकलीला चपखल बसला, 9 हजारांत गेला. 5 हजार ही माझी फी समजा. काकांनी जुन्या सामानाच्या डब्यातून एक साधा लोखंडी चिमटा काढला, टेपने लांबी मोजून माझ्या जुन्या शॉकअपइतकाच आहे हे पाहिलं, आणि बसवला. टायर जाड घातलं आणि हवा थोडी कमी ठेवली. म्हणाले, "पहिला शॉकअप तर हाच असते, पोरा."

डनलॉपने 1888 मध्ये हेच सांगितलं होतं, फक्त नागपुरी बोलीत नाही.

गेल्या रविवारी आईने पर्समधून किल्ली काढून दिली. न विचारता. मी सेमिनरी हिल्सचा तोच उतार उतरलो, हळू. मनगटं दुखली, दगड न् दगड जाणवला. पण चाक जमिनीवरून सुटलं नाही.

तुमच्या घरातल्या शॉकअपमध्ये तेल आहे का, दाबून पाहा आणि मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर हवा तपासत राहा!